टॉम हाऊस सरांस आभारपत्र: हाताआधी पाय बघायला शिकवल्याबद्दल

आदरणीय टॉम हाऊस सर,
सप्रेम नमस्कार.

बेसबॉल म्हटले की लोक तुम्हाला 8 एप्रिल 1974 च्या रात्रीमुळे ओळखतात. हँक ॲरन यांनी अटलांटात विक्रमी 715 वा होमरन, म्हणजे कुंपणापार फटका, मारला, चेंडू बुलपेनमध्ये, म्हणजे राखीव पिचर तयारी करतात त्या जागेत, आला आणि तो झेलून तुम्ही धावत जाऊन त्यांच्या हातात दिला. तो झेल मोठाच. पण आमचे आभार आहेत ते त्यानंतरच्या कामाबद्दल. मुलांना चेंडू फेकायला शिकवणाऱ्या आमच्यासारख्यांचे त्या कामावाचून पानही हलत नाही.

तुम्ही स्वतः डावखुरे रिलीफ पिचर, म्हणजे सामना सुरू झाल्यावर बदली म्हणून चेंडू फेकायला येणारे. 1971 ते 1978 अशी आठ वर्षे मेजर लीगमध्ये, अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेत, काढलीत, पण वेगासाठी तुमचे नाव कधीच नव्हते. तरीही 1974 मध्ये तुमचा ईआरए (दर नऊ डावांमागे पिचरने दिलेल्या धावांची सरासरी, जितकी कमी तितकी चांगली) 1.93 होता. वेग कमी असलेल्या माणसाला शरीराचा प्रत्येक इंच कामाला लावावा लागतो. तुमच्या शिकवण्यात ही नजर दिसते, असे आम्हाला वाटते. बहुतेक कोच पिचरचा हात बघतात. तुम्ही पाऊल बघितलेत.

याचा सगळ्यात चांगला दाखला म्हणजे 1992 मधले रँडी जॉन्सन. उंची 6 फूट 10 इंच, वेग भयंकर, पण चेंडूवर ताबा नाही. त्या मोसमात त्यांनी 144 वॉक दिले, म्हणजे चार चेंडू बाहेर टाकून फलंदाजाला पहिला बेस फुकट दिला. तुम्ही टेक्सास रेंजर्सचे पिचिंग कोच, ते सिॲटलचे, म्हणजे समोरच्या संघाचे. पुढे टाकलेला त्यांचा पाय टाचेवर पडतो आहे, हे तुमच्या लक्षात आले. टाच आधी टेकली की पाऊल तिथेच फिरते आणि शरीराचा जोर होम प्लेटकडे, म्हणजे फलंदाजापाशी जमिनीत बसवलेल्या पाटीकडे, न जाता बाजूला निघून जातो. मग चेंडू सरळ ठेवण्याचे सगळे काम एकट्या हातावर येते. पायाच्या चवड्यावर उतरा, एवढाच तुमचा सल्ला. पुढच्या मोसमात त्यांचे वॉक 99 वर आले आणि स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद केलेले फलंदाज, 308 झाले. तुमच्याच संघाचे पिचर नोलन रायन यांनीही त्या वेळी जॉन्सनना समजावले होते, हे खरे. पण प्रतिस्पर्ध्याचा दोष ओळखून तो त्यालाच सांगायचा, याला मन मोठे लागते.

आज एखाद्या मुलाचा चेंडू सारखा भरकटतो, तेव्हा आम्ही आधी मातीतला पावलाचा ठसा बघतो. मागच्या पायापासून होम प्लेटकडे एक रेघ ओढायची आणि पुढचे पाऊल तिच्यावर पडते की बाजूला, ते पाहायचे. ठसा टाचेकडे खोल असेल, तर खांद्याला दोष देण्यात अर्थ नाही.

तुमच्या टॉवेल ड्रिलने तर आम्हाला फार मोठा आधार दिला. मुलाला पिचिंगची पूर्ण ढांग टाकायला लावायची. पुढचे पाऊल पडते तिथून त्याच्याच बुटाची पाच मापे, टाचेला पंजा लावून, पुढे मोजायची. तिथे जोडीदार ग्लोव्ह धरून उभा राहतो. मुलाच्या बोटांत घडी घातलेला छोटा टॉवेल, त्याचे टोक फूटभर लोंबते. पूर्ण ॲक्शन करून त्या टोकाने ग्लोव्हवर फटका मारायचा. ग्लोव्हचा हात मागे झटकला गेला तर धड लवकर उघडते, डोके बाजूला पडले तरी पोहोच कमी होते, आणि दोन्ही वेळी टॉवेल ग्लोव्हच्या अलीकडेच पडतो. मुलाला वेगळे काही सांगावे लागत नाही. एक लबाडी मात्र हमखास होते: कंबरेत वाकून टॉवेल कसाबसा पोहोचवायचा. तसे केले तर सराव वाया जातो. पोहोच ढांगेतून आणि धड पुढे नेण्यातून यायला हवी. हातात चेंडू नसल्याने बोटांवरून तो सुटण्याची जाणीव यात मिळत नाही, म्हणून चेंडू फेकण्याला हा पर्याय नव्हे. पण विश्रांतीच्या दिवशी, पावसाळ्यात, व्हरांड्यात, हातावर भार न टाकता ॲक्शन घोटायला याहून सोपे साधन आम्हाला माहीत नाही.

एवढा खटाटोप कशासाठी? साधे गणित आहे. ताशी 145 किलोमीटर वेगाचा चेंडू सेकंदाला साधारण 40 मीटर जातो. तो फूटभर पुढून सुटला तर फलंदाजाचे सेकंदाचे सात-आठ हजारांश कमी होतात, तेही हातावर जास्त जोर न टाकता.

रेंजर्सच्या पिचरना तुम्ही अमेरिकन फुटबॉल फेकायला लावलात, तेव्हा लोक हसले. त्या लांबट चेंडूचे वजन 400 ग्रॅमच्या आसपास, बेसबॉलच्या जवळजवळ पावणेतीनपट. मनगट वेळेआधी वळले की तो हवेत डगमगतो, बरोबर राहिले तर गिरक्या घेत सरळ जातो. चूक फेकणाऱ्याला स्वतःलाच दिसते. हसणारे हसोत, पण तुमच्याच वयाचे नोलन रायन 44 व्या वर्षी, 1 मे 1991 रोजी, सातवा नो-हिटर, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांना एकही हिट न देता पूर्ण सामना, टाकून गेले. रेंजर्सकडे असताना आयुष्यातली सर्वोत्तम तंदुरुस्ती मिळाली ती तुम्ही मागे लागल्यामुळे, असे त्यांनी 1999 मध्ये बेसबॉलच्या मानाच्या हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला तेव्हाच्या भाषणात सांगितले.

शरीर जेवढे थांबवू शकते तेवढाच वेग ते देते, ही तुमची शिकवण आम्ही रोज वापरतो. चेंडू सुटण्याच्या सुमाराला खांदा सेकंदाला सुमारे 7000 अंश या गतीने फिरत असतो. तो थांबवायचे काम खांद्याच्या मागच्या लहान स्नायूंचे, आणि मुले मात्र पुशअप मारून छातीच वाढवतात. पुढचे इंजिन मोठे, मागचे ब्रेक कच्चे, मग खांदा दुखणारच. म्हणून रबर बँडने मागे ओढण्याचे व्यायाम आधी. दोन पौंडांचा चेंडू हातातून न सोडता ॲक्शन करण्याचा तुमचा व्यायाम आम्ही वाढत्या वयाच्या मुलांना देत नाही. त्यांच्या कोपराच्या आतल्या बाजूची वाढीची कूर्चा अजून कच्ची असते.

रिंकू सिंग आणि दिनेश पटेल यांच्यासाठी वेगळे आभार. उत्तर प्रदेशातले हे दोन भालाफेकपटू 2008 मध्ये तुमच्याकडे आले, तेव्हा त्यांनी बेसबॉल खेळलेलाच नव्हता. भाला वर सुटावा म्हणून धड मागे कललेले असते आणि मागे लांब धाव असते. माउंडवर, म्हणजे पिचरच्या उंचवट्यावर, धाव नाही, एक पाय तिथल्या रबरच्या पट्टीला टेकलेला आणि चेंडू दहा इंचांच्या उंचवट्यावरून खाली टाकायचा. ती सवय मोडून नवी लावायला तुम्हाला काही महिनेच मिळाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मेजर लीगच्या पिट्सबर्ग पायरेट्स संघाने दोघांनाही करारबद्ध केले. शालेय स्पर्धांत बेसबॉल आणि सॉफ्टबॉल खेळणाऱ्या आपल्याकडच्या मुलांना हे सांगितले की ती कान देऊन ऐकतात.

आणखी एक. खेळाडू असताना स्टेरॉइड घेतल्याचे तुम्ही 2005 मध्ये स्वतःहून जाहीर सांगितलेत. कोणी पुरावा घेऊन दारात आले नव्हते. वजन वाढले आणि गुडघ्यांनी त्याची किंमत मोजली, हेही लपवले नाहीत. पावडर नि इंजेक्शनबद्दल विचारणाऱ्या पोरांना आम्ही तुमचेच नाव घेऊन उत्तर देतो.

प्रकृतीस जपावे.

आपले ऋणी,
पिचिंग शिकणारे आणि शिकवणारे मराठी खेळाडू