दहा मिनिटं

इंदूर, गुरुवार रात्र

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

फोनवर माझ्या भीतीच्या झटक्यांचा विषय काढला की आईचा गळा भरून येतो आणि बाबा फोन दादाच्या हातात देतात. म्हणून लिहायलाच बसले. सावकाश वाचा, चष्मा लावून.

बाबा, परवा तुम्ही विचारलंत, "किती वेळ होतं ते?" मी म्हटलं, आठ-दहा मिनिटं. "मग एवढं काय!" म्हणालात, आणि लगेच गुडघ्याच्या डॉक्टरवर गेलात. मला राग आला नाही. घड्याळ लावून पाहिलं तर तुमचंच खरं. पण मी ती दहा मिनिटं घड्याळात काढत नाही, तेवढं सांगायचं राहिलं.

पहिल्यांदा झालं ते पलासिया चौराह्यावर. (तिथे 'चौक' म्हणायला माझी जीभ वळत नाही. दादा हसला तर हसू दे.) सकाळी ऑफिसला निघाले होते. सिग्नलचे लाल आकडे 78 वरून खाली येत होते. साठच्या आसपास छातीत एकदम धडधडायला लागलं. स्कूटीवरच्या बोटांना मुंग्या, ओठ बधिर, आणि मागचे हॉर्न विहिरीच्या तळातून आल्यासारखे. समोर 54. परत पाहिलं, 54. मला वाटलं सिग्नल बिघडला. मग वाटलं, सिग्नल नाही, मीच संपतेय आणि शेवटचं दिसणार ते हे 54. ते 53 होईपर्यंत दोन्ही मुलं शाळेतून घरी आली, दाराला कुलूप बघून शेजारी जाऊन बसली, कुणीतरी त्यांना जेवायला वाढलं, इतकं सगळं माझ्या डोळ्यांसमोर होऊन गेलं.

कडेच्या पोहेवाल्याने स्कूटी बाजूला ओढली आणि मला बाकावर बसवलं. "दीदी, कुछ नहीं, बैठ जाओ." गिऱ्हाईकं पोह्यांवर शेव आणि जीरावनचा मसाला घालून खात होती, कढईत जलेबी सुटत होती, आणि मला ते सगळं काचेपलीकडचं वाटत होतं. तुमचे जावई आल्यावर मी त्यांना म्हटलं, तासभर झाला असेल. पोहेवाला म्हणाला, दस मिनट भी नहीं हुए.

आई, हृदय नीट तपासून घेतलंय. ईसीजी झाला, रक्त तपासलं, सगळं नॉर्मल. पहिल्या खेपेला ते तपासावंच लागतं, लक्षणं इतकी सारखी असतात. त्यानंतर मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे गेले. हो, तिकडेच. पॅनिक अटॅक म्हणतात याला. कुणाची दृष्ट नाही आणि उपासही कारण नाही.

या डॉक्टरांनी मला वहीत दोन रकाने आखायला लावले. एकात घड्याळाची वेळ, दुसऱ्यात माझा अंदाज. बाबा, तुम्हाला हिशेब आवडतो म्हणून उतरवते: 9 मिनिटं, अंदाज 40. 12 मिनिटं, अंदाज एक तास. 7 मिनिटं, अंदाज "माहीत नाही, पण खूप". हा रकाना भरताना मला पहिल्यांदा हसू आलं. डॉक्टर सांगतात की झटका बहुतेक वेळा दहाएक मिनिटांत टोकाला जातो आणि मग उतरायला लागतो. धोका नसतानाही शरीर धोक्याची घंटा बडवतं. मग ॲड्रेनलिन धावतं, श्वास भराभर होतो, त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि बोटांना मुंग्या येतात. सगळं लक्ष आत वळतं, एकेक ठोका मोजला जातो. मोजत बसलं की दूधसुद्धा लवकर उतू जात नाही, तर हे कुठून सरणार?

यावर एक प्रयोगही वाचला. डेव्हिड ईगलमन नावाच्या अमेरिकी मेंदूशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी माणसांना 31 मीटर उंचीवरून पाठमोरं खाली जाळ्यात सोडलं. (अशी माणसं कुठून मिळतात कोण जाणे.) त्यांचा लेख 2007 मध्ये आला. दुसऱ्याच्या पडण्याला लागलेल्या वेळेपेक्षा स्वतःच्या पडण्याची वेळ लोकांनी सरासरी 36 टक्के जास्त सांगितली. मनगटावर एक यंत्र बांधलं होतं, त्यावरचे आकडे इतक्या भरभर बदलत की एरवी वाचता येऊ नयेत. काळ खरंच मंदावला असता तर पडताना ते वाचता आले असते. आले नाहीत. म्हणजे त्या क्षणी काही हळू होत नाही. भीतीत आठवण दाट बसते आणि मागाहून तीच लांबलचक वाटते, असं त्यांचं म्हणणं. माझं 54 मला वाटतं तसंच असावं. तरी तेव्हा ते थांबलेलं होतं, हे मी सोडणार नाही.

याच्या उलटही होतं, आणि ते मला जास्त छळतं. दिवाळीपासून ऑफिसात जी धावपळ लागली, त्यातला एकेक दिवस संपता संपत नव्हता, पण महिने कुठे गेले ते कळलं नाही. रंगपंचमीला राजवाड्यावर गेरची मिरवणूक निघाली, मुलं रंगून घरी आली, आणि मी विचारलं, "आज काय आहे?" माझ्या लेखी अजून तिळगूळ वाटायचा होता. रोज तेच टेबल, तीच काळजी, मग मनाने लक्षात तरी काय ठेवायचं?

बाबा, मिल बंद पडली त्या वर्षी मी सहावीत होते. भोंगा थांबला तरी तुम्ही पहाटे त्याच वेळी उठून बसायचात. आई चहा ठेवायची आणि तुम्ही म्हणायचात, "अजून उजाडत का नाही?" रात्री मी पाणी प्यायला उठले की तुम्ही ओट्यावर असायचात, पायजम्याची नाडी बोटाला गुंडाळत. एकदा तुम्ही छातीवर हात दाबून बसला होतात. मला पाहून म्हणालात, "ॲसिडिटी आहे, झोप जा." मीही ऑफिसात सगळ्यांना ॲसिडिटीच सांगितलंय.

आता मी बरी आहे. गोळी चालू आहे, दर आठवड्याला डॉक्टरांशी बोलणं होतं, आणि मागच्या पंधरवड्यात वहीत एकच ओळ पडली. पण मधेच कधी माझा फोन आला आणि मी नुसती श्वास घेत राहिले, तर "शांत हो" म्हणू नका. "किती वेळ झाला?" तर मुळीच विचारू नका. आई, तू सरळ सांजा कसा करायचा ते सांगायला लाग, रवा भाजण्यापासून, गूळ किती तेही. तो मला येतो, तरी सांग. बाबांनी खिडकीतून काय दिसतंय ते सांगायचं.

आणि बाबा, त्या वर्षी ओट्यावर बसून तुम्ही काय मोजत असायचात? फोनवर नको. लिहून पाठवा, दोन ओळी चालतील.

रामबागेतलं घर रविवारी उघडून झाडलं. मोरीचा नळ गळतोय, प्लंबरला सांगितलंय. भिंतीवरचं घड्याळ बंद पडलंय आणि त्याची चावी सापडत नाही. जीरावनची दोन पाकिटं दादाच्या मित्राबरोबर पाठवते आहे, बाबांना कमी द्या.

तुमची,
बेबी