चि. रूथ हिस

शरणपूर, नाशिक

चि. रूथ,
प्रभूच्या नावात अनेक आशीर्वाद.

आईच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरली आहे, येत्या गुरुवारी सकाळी. परीक्षा टाकून ये असे मी म्हणणार नाही. तिला फोन मात्र कर.

सर्व काही निसर्गनियमानेच घडत असेल तर देवाला काम काय उरले, असे तू जेवताना विचारलेस आणि आई ताटावरून उठली, त्यामुळे उत्तर राहून गेले. प्रश्न जुना आहे आणि विचारण्यात पाप नाही. ग्रहांच्या कक्षांतील बिघाड साठत जाऊन देवाला अधूनमधून तो दुरुस्त करावा लागेल, असे न्यूटनला वाटे. त्यावर १७१५ मध्ये जर्मन तत्त्वज्ञ लायब्निट्झने टोमणा मारला की या देवाला स्वतःच्याच घड्याळाला किल्ली द्यावी लागते. पुढे फ्रेंच गणिती लाप्लासने त्यातला बराच बिघाड गणितातच बसवून दाखवला. विज्ञानाच्या फटीत देव शोधणे मला म्हणूनच कधी पटले नाही. तेराव्या शतकातील ख्रिस्ती धर्मपंडित थॉमस आक्वायनसचे म्हणणे अधिक खोल आहे: अग्नी जाळतो तेव्हा खरोखर अग्नीच जाळतो, देव त्याच्या आडून जाळत नाही, पण अग्नीचे असणे आणि त्याची जाळण्याची शक्ती क्षणोक्षणी देवाकडून येते. निर्मितीलाही कारण होण्याचा मान मिळावा, हे त्याच्या मते देवाचे औदार्य आहे. बायबलमधील यिर्मयाच्या ३३व्या अध्यायात तर परमेश्वर दिवस-रात्रीचा अढळ क्रमच आपल्या वचनाची साक्ष म्हणून पुढे करतो.

पुन्हा वर्गात उभा राहिल्यासारखे बोलू लागलो, क्षमा कर. फोन केलास का? आई विचारत नाही, पण मोबाईल उशाशी ठेवते.

निफाडला मामाच्या द्राक्षबागेवर गारपीट झाली तेव्हा तू सहावीत होतीस. मामा उपासना चुकवत नाही, शेजारी चर्चची पायरी चढलेला नाही, आणि दोघांचेही घड सारखेच मातीत गेले. वर चढणाऱ्या वाऱ्यात गारेवर थर कसे चढतात ते मी कागदावर काढून दाखवले, तर तुला ते प्रत्यक्ष पाहायचे होते. तेव्हा आईने विळीवर गार कापली आणि आत एक दुधी, एक काचेसारखा असे थर निघाले. ही मुलगी शिकणार, असे त्या दिवशी मामासमोर मी म्हणालो होतो, त्याच्या बागेचे तसे झालेले असताना.

नीतिमान आणि अनीतिमान दोघांवरही तो पाऊस पाडतो, हे मत्तयाच्या शुभवर्तमानात आहेच. गाठीतल्या पेशीदेखील नियमानेच वाढतात, हे मला कळते, आणि हे लिहिताना हात थांबतो. पण भुलीचे प्रमाण ठरते, टाक्यांखाली जखम भरून येते, तीही त्याच नियमांच्या भरवशावर. माझ्या घरासाठी तो नियम वाकला, तर दुसऱ्याच्या आईला भूल किती द्यायची हे कोणाला सांगता येईल? म्हणून नियम मोड असे मी प्रार्थनेत म्हणत नाही. खरे सांगायचे तर रात्री कधी कधी म्हणतोही.

गुरुवारी सात वाजता आम्ही घरीच प्रार्थना करून निघू. त्या वेळी तुझ्या मनात नुसता भूलतज्ज्ञाचा विचार आला तरी माझी हरकत नाही; आक्वायनसच्या हिशेबाने तोही देवाच्याच कामावर असतो.

तुझे,
पप्पा