‘आम्ही’चे ‘मी’ करून देणाऱ्या काकूंना

आदरणीय काकू,

सादर नमस्कार.

कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतील एका फौंड्रीत (धातू ओतून भाग बनवणाऱ्या कारखान्यात), गुणवत्ता विभागात मी रुजू झाले त्याला सहा महिने झाले आणि काल नोकरीत कायम केल्याचे पत्र हाती पडले. ते घेऊन आधी आपल्याकडेच यायला हवे होते. पण समोर आले की आपण आभाराचे शब्द ऐकूनच घेत नाही, ‘चहा घे आणि गप्प बस’ म्हणता, म्हणून हे लिहून कळवते आहे, आणि तेही चारचौघांत.

शाहूपुरीत आपल्या मागच्या खोलीत मी भाड्याने राहायला आले, तेव्हा मेकॅनिकलचा डिप्लोमा होऊन सव्वा वर्ष उलटले होते आणि पुण्याजवळच्या एका कारखान्यातील मुलाखतीत माझी दाणादाण उडालेली होती. कास्टिंगमधील, म्हणजे साच्यात ओतलेल्या भागांतील, ब्लोहोल (वाफेमुळे किंवा वायूमुळे राहणारी छिद्रे) कमी करण्याच्या माझ्या प्रोजेक्टविषयी तिथे पहिलाच प्रश्न आला, की यात तुम्ही स्वतः काय केलेत? ‘आम्ही निरीक्षण केले, आम्ही सुचवले’ असे मी सांगत राहिले आणि समोरच्या साहेबांनी माझा अर्ज हलकेच पालथा घातला. माझी समजूत मात्र अशी झाली, की माझे कोल्हापुरी बोलणे आडवे आले. आपल्याकडच्या मुली ‘मी गेलो, मी आलो’ म्हणतात, ते एकदा तोंडून निसटले होते आणि कोणीतरी हसले होते. हे गाऱ्हाणे मी आपल्यापुढे मांडले, तेव्हा आपण शेंगा सोलता सोलता म्हणालात, ‘गेलो म्हण नाहीतर गेले म्हण, कळल्याशी कारण. पण हे आम्ही म्हणजे कोण, ते आधी सांग.’

त्या रात्री आपण माझ्या अर्जातील प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलीने एकच प्रश्न लिहिलात: ‘किती?’ किती कास्टिंग पाहिली, त्यांतील किती नापास झाली, साच्याच्या वाळूतील ओलावा किती होता, तो कोणी मोजला? उत्तरे शोधायला मला डिप्लोमाच्या जुन्या वह्या काढाव्या लागल्या. चौघांच्या त्या प्रोजेक्टमध्ये मी दररोज सकाळी वाळूचा ओलावा मोजून लिहिला होता, आणि तो ४ टक्क्यांच्या वर गेला त्या दिवशी ब्लोहोल वाढलेले होते, हे माझ्याच अक्षरात तिथे पडून होते. ओली वाळू तापलेल्या लोखंडाखाली वाफ सोडते आणि ती वाफ बाहेर पडायला जागा मिळाली नाही तर धातूत अडकते, एवढे पुस्तकी कारण मला ठाऊक होतेच. पण ते माझ्या नोंदींतून मला दिसले होते, हे सांगायचे कधी सुचले नव्हते.

त्याहून मोठे ऋण गुऱ्हाळाचे आहे. डिप्लोमानंतरचे ते सव्वा वर्ष मला लपवायचे होते. वडिलांचे ऑपरेशन झाले, म्हणून एक आख्खा हंगाम मी गावी आमच्या गुऱ्हाळावर हिशेबाला बसले होते, आणि इंजिनिअरिंगच्या अर्जात गुऱ्हाळ कसे लिहायचे, अशी लाज वाटत होती. आपण मला त्या हंगामाची वही आणायला लावलीत. कोणत्या आधणाला (रसाच्या एका उकळीला) किती रस काहिलीत पडला, गुळाचे किती रवे (ढेपा) निघाले, कोणते रवे रंगाने काळपट झाले, त्या दिवशी ऊस कोणत्या शेतातला होता आणि गुळव्या (गूळ शिजवणारा कारागीर) कोण होता, हे सारे मी तारीखवार लिहिले होते; कारण बाजार समितीत सौद्याला भाव पडला की घरी भांडण व्हायचे आणि मला ते मिटवायचे असायचे. आपण पान उलटत म्हणालात, ‘फौंड्रीत धातूच्या एका वितळणीला हीट म्हणतात, तुमच्याकडे आधण म्हणतात. माल बिघडला तर मागे जाऊन कारण सापडावे, म्हणून दोन्हीकडे नंबर घालतात.’ एका फौंड्रीच्या टाइम ऑफिसात (कामगारांच्या हजेरीच्या कचेरीत) ३२ वर्षे काढलेल्या माणसालाच ते दिसावे. माझ्या अर्जातील ती मोकळी जागा त्या दिवशी भरली.

मग रंगीत तालमी सुरू झाल्या. मला जिन्यात उभे करायचे, दार वाजवायला लावायचे आणि आत दोन खुर्च्यांवर आपण व काका गंभीर चेहऱ्याने बसायचे. (काकांना मध्येच हसू फुटायचे, हेही नोंदवून ठेवते.) माझे उत्तर संपले तरी आपण मुद्दाम अर्धा मिनिट फाइलीत पाहत राहायचा, आणि त्या शांततेला घाबरून मी पुढे जे काही बडबडत असे, त्यातच माझे पहिले चांगले उत्तर वाहून जात असे. उत्तर संपले की थांबायचे, हे शिकायला मला तब्बल आठ दिवस लागले. उद्यमनगरातील ओळखीच्या वर्कशॉपमधून आपण मागून आणलेला व्हर्नियर (बारीक मापे घ्यायचे जबड्यांचे साधन) तिथेच टेबलावर असायचा. त्याचे लघुत्तम माप ०.०२ मिलिमीटर, हे मी झोपेतही सांगितले असते. पण मुलाखतीच्या खोलीत कोपऱ्यात कागद सांभाळत बसताना आपण वेगळेच पाहिले होते. हाती व्हर्नियर येताच जो उमेदवार आधी जबडे मिटवून शून्य जुळते का ते बघतो, त्याच्या नावापुढे साहेब खूण करतात.

कागलला नेमका व्हर्नियरच पुढे आला. मी जबडे मिटवले. शून्य एका रेघेने सरकलेले होते. तेवढे वजा करून माप सांगितल्यावर दोन साहेबांनी एकमेकांकडे पाहिले. कंपनीच्या माहितीपत्रकातील ‘एसजी ४००/१५’ म्हणजे काय, हेही विचारले गेले. ती ओतीव लोखंडाची एक प्रत; त्यातील ४०० म्हणजे मेगापास्कलमधील किमान ताणबल आणि १५ म्हणजे तुटण्यापूर्वीची टक्क्यांतील लांबवाढ, हे उत्तर तयार होते, कारण माहितीपत्रकातील प्रत्येक आकड्याचा अर्थ आदल्या रात्री आपण वदवून घेतला होता. गुऱ्हाळाविषयी मात्र पंधरा मिनिटे बोलणे झाले. त्यात मी एकदा ‘लिहीत होतो’ म्हणाले आणि कोणीही हसले नाही.

पगाराच्या बोलण्याची तयारी तर मला कोणीच सांगितली नव्हती. वार्षिक आकड्यात भविष्यनिर्वाह निधीचा कंपनीचा हिस्सा आणि ग्रॅच्युइटीही धरलेली असते, आपला १२ टक्के हिस्सा मूळ पगारावर कापला जातो, आणि महाराष्ट्रात महिलांना दरमहा २५,००० रुपयांपर्यंत व्यवसाय कर नाही, हे सारे पाकिटाच्या पाठीवर मांडून आपण हातात पडणारी रक्कम काढून दिली होतीत. त्यामुळे आकडा ऐकून मी हुरळले नाही आणि रात्रपाळीच्या बसची सोय आहे का, एवढे विचारायचे भान राहिले.

माझ्या जुन्या खोलीत आता गारगोटीची एक मुलगी राहायला आली आहे आणि तिचीही मुलाखत ठरली आहे, असे काका फोनवर म्हणाले. येत्या रविवारी मला सुट्टी आहे. गुळाचा एक रवा घेऊन सकाळी दहाला येते. तिसरी खुर्ची मांडून ठेवावी. काकांना हसू आले तर त्यांना आत पाठवण्याचे काम माझ्याकडे.

आपली कृतज्ञ,
मागच्या खोलीतील जुनी भाडेकरू