इंजिन बदलण्याआधी मल्टिमीटर घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या मारुती जिप्सीत जुन्या बलेनो सेडानचे १.६ लिटरचे इंजिन घरच्या अंगणात कसे बसवावे, यावरचा लेख आपल्या रविवार पुरवणीत आला. मराठी वृत्तपत्राने या विषयाला पान दिले याचे मनापासून कौतुक वाटते. पण इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांना जोडले की बहुतेक काम संपले, असा त्या लेखाचा सूर होता. तो वाचून कुणी उद्या कुर्ल्याच्या भंगार बाजारात इंजिन आणायला निघाला, तर त्याची गाडी अख्खा पावसाळा ताडपत्रीखाली उभी राहण्याचीच शक्यता जास्त. जोडणी हा या कामातला सोपा भाग आहे. गाडी अडते ती अर्थिंग, पेट्रोल आणि कागदपत्रे या तीन ठिकाणी आणि लेखात याच तिन्हींना जेमतेम एकेक वाक्य मिळाले होते.

कागदांचे आधी सांगतो, कारण पैसे खर्च होण्यापूर्वी ते कळायला हवे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल, असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच गोष्ट ठामपणे सांगितली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. त्याच मेकचे आणि त्याच प्रकारचे इंजिन जुन्याच्या जागी घालायचे असेल तर आरटीओची परवानगी घेऊन प्रमाणपत्रावर नवा इंजिन क्रमांक चढवता येतो. १,२९८ सीसीच्या जागी १,५९० सीसीचे इंजिन त्यात बसत नाही. ती गाडी खासगी जमिनीवर, बंदिस्त ट्रॅकवर किंवा गोव्यातल्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या ऑफरोड स्पर्धांसाठी आणि तिथवर ट्रेलरवरून न्यायची, हे आधीच ठरवावे. विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघातानंतर दावा अडवतो. जुने इंजिन घेताना मूळ गाडीचा चासी क्रमांक लिहिलेले बिल मागा. ते नसेल तर सौदा सोडा.

म्हणूनच गाडी रस्त्यावर चालवायची असेल तर माझे मत स्पष्ट आहे. १९९६ च्या कार्ब्युरेटरवाल्या जिप्सी किंगला जिप्सीचेच १६ व्हॉल्व्हचे एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल देणारे) इंजिन शोधावे. सीसी तीच, ऑइलचा चेंबर (इंजिनाखालचे तेलाचे भांडे) त्याच आकाराचा आणि ताकद सुमारे ६० वरून ८० अश्वशक्तीवर जाते. तरीही खरेदीआधी आरटीओत विचारून घ्या. बलेनोचे इंजिन ९४ अश्वशक्तीचे आहे, पण ते आडवे बसणाऱ्या, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचे आहे आणि सगळा व्याप तिथूनच वाढतो. जिप्सीच्या इंजिनाचा बोअर ७४ आणि स्ट्रोक ७५.५ मिमी, तर बलेनोचा ७५ आणि ९०. स्ट्रोक वाढला म्हणजे ब्लॉकही उंच झाला. त्यामुळे बॉनेट, सायलेन्सरच्या पुढच्या पाइपाची फ्लँज आणि थ्रॉटल केबल या तिन्हींची मापे बदलतात. शिवाय आडव्या गाडीत हेडच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाला जे काही लावलेले असते ते जिप्सीत थेट फायरवॉलसमोर (इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्यासमोर) येते. इंजिन लटकवून ही फट मोजल्याशिवाय माउंटिंगचे ब्रॅकेट वेल्ड करू नये.

बलेनोचा चेंबर जिप्सीत चालत नाही, कारण पुढचा अख्खा अ‍ॅक्सल इंजिनाखालून वरखाली होतो. जिप्सीचा चेंबर आणि त्याच्यासोबतची ऑइल स्ट्रेनरची (पंप जिच्यातून तेल ओढतो त्या जाळीची) नळी ही जोडी एकत्रच घ्यावी. मग स्ट्रेनरच्या तोंडावर कणकेचा गोळा चिकटवायचा, पॅकिंगसह चेंबर चार बोल्टांवर आवळायचा आणि परत उतरवायचा. दबलेल्या गोळ्याची जाडी व्हर्नियरने मोजली की स्ट्रेनर आणि तळ यांतले अंतर कळते. ते ६ ते १० मिमीच्या आसपास हवे. कमी असेल तर तेलाचा ओघ अडतो. जास्त असेल तर चढावर पंप तेलाऐवजी हवा ओढतो आणि बेअरिंग जातात. कणीक नंतर पूर्ण पुसून काढावी.

क्लच प्लेटची स्प्लाइन (हबमधल्या खाचा) जिप्सीच्या गिअरबॉक्सच्या शाफ्टवर हाताने सरकली पाहिजे. शाफ्टचे टोक ज्या पायलट बेअरिंगमध्ये फिरते ते नवे घालावे आणि ब्लॉक व बेल हाउसिंग (क्लचभोवतीचे आवरण) यांना नेमके जुळवणाऱ्या दोन्ही डॉवेल पिना जागेवर आहेत का हे बघावे. पिना नसतील तर गिअरबॉक्स किंचित तिरका बसतो आणि पुढचे ऑइल सील पुन्हा पुन्हा गळते. हाउसिंग ब्लॉकला हाताच्या जोराने टेकले पाहिजे. राहिलेली फट बोल्ट आवळून मिटवली तर क्लच प्लेटचा हब किंवा क्रँकचे थ्रस्ट बेअरिंग मोडते.

जिप्सीचा ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांकडे वाटणारा गिअरचा डबा) गिअरबॉक्सपासून वेगळा असतो आणि मध्ये एक आखूड शाफ्ट असतो. फायरवॉल वाचवायला इंजिन २० मिमी पुढे घेतले तर त्या शाफ्टची सरकती स्प्लाइन तेवढीच बाहेर येते. ठरावीक वेगाला तळातून थरथर येऊ लागली की लोक चाकांचे बॅलन्सिंग करतात, मग टायर बदलतात. आधी कोन मोजावा. गिअरबॉक्सचा बाहेर येणारा शाफ्ट आणि ट्रान्सफर केसचा आत जाणारा शाफ्ट एकमेकांना समांतर हवेत, एका अंशापेक्षा जास्त फरक नको आणि शाफ्टच्या सांध्यातल्या क्रॉसवरचा कोन तीन अंशांच्या आत ठेवावा. ट्रान्सफर केसची रबरी माउंटिंग दबून खचलेली असली तरी अशीच थरथर येते. शाफ्ट लांब करायचा असेल तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा जिथे बॅलन्सिंग मशीन आहे अशा लेथवाल्याकडेच द्यावा.

आता पेट्रोल. कार्ब्युरेटरला पाव बारच्या आसपास दाब पुरतो, एमपीएफआयच्या रेलला (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीला) अडीच ते तीन बार लागतो. जुनी रबरी नळी आणि साधी क्लिप हा दाब धरत नाही. गरम सायलेन्सरशेजारी ती फुटली तर गाडी पेट घेते, म्हणून इंजेक्शनच्याच दर्जाची नळी आणि तिचीच क्लॅम्प वापरावी. बाजारात आता २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल आहे. कार्ब्युरेटरच्या काळातले रबर त्यात मऊ पडते, तेव्हा टाकीपासून रेलपर्यंतची प्रत्येक नळी बदलावी. बाहेर लावायचा इलेक्ट्रिक पंप टाकीजवळ आणि टाकीच्या तळापेक्षा खाली हवा. हे पंप ढकलायला चांगले आणि ओढायला कमजोर असतात. इंजिनाच्या खोलीत लावलेला पंप दुपारच्या उन्हात घरघरतो आणि गाडी बंद पडते, त्याचे कारण हेच. रेलमधून टाकीकडे परतीची नळी लागते. डोंगरात चालवायची असेल तर मध्ये एक ते दोन लिटरची सर्ज टाकी (कायम भरलेली राहणारी छोटी टाकी) घालावी, नाहीतर पाव टाकी पेट्रोल असताना चढावर इंजिन मिसिंग मारते. पंपाचा रिले ईसीयूच्याच (इंजिनाच्या कॉम्प्युटरच्या) ताब्यात हवा. चावी फिरवल्यावर दोन-तीन सेकंद पंप वाजून थांबला पाहिजे. चावीवरून थेट करंट दिला तर गाडी उलटून इंजिन बंद झाल्यावरही पंप पेट्रोल ओततच राहतो.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो वायरिंगमध्ये. बलेनोची इंजिनाची अख्खी वायरिंग, ईसीयू, रिले आणि फ्यूजचा डबा एकाच गाडीतून घ्यावा. इमोबिलायझर असलेली ईसीयू असेल तर चावी आणि तिचे युनिटही हवे. ते नसेल तर इंजिन सुरूच होत नाही किंवा होऊन लगेच बंद पडते, आणि लोक पेट्रोल पंप बदलत बसतात. कनेक्टर कापू नयेत. जिथे जोड टाळता येत नाही तिथे क्रिम्प करून वर उष्णतेने आवळणारी नळी घालावी; सोल्डरचा जोड थरथरीने नेमका कडेला तुटतो. क्रँक सेन्सरच्या वायरीवरची जाळी एकाच टोकाला अर्थ करायची. आणि आल्टरनेटरचा चार्जिंगच्या दिव्यापर्यंत जाणारा बारीक वायर विसरला तर अनेक आल्टरनेटर चार्जच करत नाहीत.

अर्थिंगसाठी बॅटरीच्या निगेटिव्हवरून थेट इंजिनाच्या ब्लॉकवर २५ चौरस मिमीची केबल घ्यावी, दुसरी चासीवर आणि तिसरी बॉडीवर. रंग खरवडून उघड्या लोखंडावर लग (केबलच्या टोकाची धातूची कडी) बसवावी आणि आवळल्यावर वरून ग्रीस लावावे. मग मोजायचे. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर, क्लॅम्पवर नव्हे, आणि दुसरे ब्लॉकवर टेकवून सेल्फ मारायला सांगावे. आकडा ०.२ व्होल्टच्या आत राहिला पाहिजे. अर्धा व्होल्ट दिसला तर टोक खुंटावरून क्लॅम्पवर, क्लॅम्पवरून लगवर असे सरकवत जावे. जिथे आकडा एकदम पडतो तिथे दोष असतो. इंजिन चालू असताना ईसीयूच्या अर्थ पिनेवर हाच आकडा ०.०५ च्या आत हवा. हेडलाइट लावल्यावर तापमानाचा काटा हलत असेल तर सेन्सर फेकू नका, अर्थिंग बघा. बंद गाडीवर ओहममध्ये मोजलेली अर्थ चांगलीच दिसते, कारण एकच तार शाबूत असली तरी मीटर शून्य दाखवतो. दोष करंट वाहताना कळतो.

गाडी सुरू होत नसेल तर क्रम सोडू नये. सेल्फ मारताना बॅटरी ९.६ व्होल्टच्या खाली जाते का? आरपीएमचा काटा थोडा तरी उचलतो का? तो उचलला तर क्रँकचा सिग्नल ईसीयूपर्यंत पोचतो आहे. मग ठिणगी, मग रेलचा दाब गेजने, मग इंजेक्टरच्या कनेक्टरवर टेस्ट लाइट लावून पल्स. फायरिंग ऑर्डर १-३-४-२. कूलंट सेन्सर २० अंशांना सुमारे अडीच किलोओहम आणि ८० अंशांना सुमारे ३०० ओहम दाखवतो. तो तुटका असेल तर ईसीयूला इंजिन कायम गोठलेले वाटते, प्लग काळे पडतात आणि गरम गाडी सुरू होत नाही. त्या पिढीच्या बऱ्याच सुझुकी ईसीयूंमध्ये डायग्नोसिस कनेक्टरची ठरलेली पिन अर्थ केली की इंजिनाचा दिवा लुकलुकून कोड सांगतो: १२ म्हणजे दोष नोंदलेला नाही, २४ म्हणजे वेगाचा सिग्नल नाही. जिप्सीत हा २४ हमखास येतो, कारण स्पीडोमीटरची केबल ट्रान्सफर केसमधून येते आणि तिथे सेन्सरच नसतो. त्याचा त्रास म्हणजे सिग्नलला गाडी थांबवताना इंजिन बंद पडते. केबलमध्ये बसणारा पल्स सेन्सर लावला की हा दोष जातो; आयडल स्क्रू फिरवून काही उपयोग नाही.

आयडल १,५०० वर अडकले असेल तर ब्रेक बूस्टरची नळी आणि मॅनिफोल्डचे पॅकिंग तपासा. ऑक्सिजन सेन्सरच्या आधी सायलेन्सर गळत असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, ईसीयू चुकून जास्त पेट्रोल सोडते आणि अ‍ॅव्हरेज पडते. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढू नका.

इंजिन गरम होत असेल तर कधी होते ते बघा. उभ्या गाडीत होत असेल तर पंखा किंवा त्याच्या मागचे आवरण. घाटात वेगात होत असेल तर रेडिएटर लहान किंवा तुंबलेला. सुरू केल्याबरोबर रेडिएटरमध्ये बुडबुडे येत असतील तर हेड गॅस्केट. पंख्याला ४० अँपिअरचा रिले, ४ चौरस मिमीची वायर आणि बॅटरीजवळ फ्यूज हवा. कूलंट भरताना पुढची चाके उंच करून हीटर उघडा ठेवावा, म्हणजे हवा अडकत नाही.

ताकद दीडपट झाली तरी मागचे ड्रम आणि पाटे जुनेच राहतात. नवे ब्रेक होज, नवे व्हील सिलिंडर आणि ताजे ब्रेक ऑइल घातल्याशिवाय गाडी अंगणाबाहेर काढू नये. पहिल्या १०० किलोमीटरनंतर माउंटिंग, शाफ्टचे आणि सायलेन्सरचे सगळे बोल्ट पुन्हा आवळावेत, तेल आणि फिल्टर बदलावा आणि काढलेला फिल्टर कापून त्यात धातूचा चुरा आहे का ते पाहावे.

आपण या विषयावर पुन्हा लिहाल तेव्हा आरटीओतल्या मोटार वाहन निरीक्षकाला नेमके विचारावे, ही विनंती: जिप्सी किंगमध्ये जिप्सीचेच एमपीएफआय इंजिन चढवायचे तर कोणते कागद, कोणती तपासणी आणि कोणत्या क्रमाने? याचे छापील उत्तर मिळाले तर कित्येक गाड्या चोरून चालण्याऐवजी कायद्याने रस्त्यावर येतील.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर