टेकडीवरचं समुपदेशन

संपादक महोदय,

निसर्गात चालत केलेल्या मानसोपचाराबद्दलचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. हे उपचार घेतलेली एक बाई म्हणून चार ओळी लिहिते.

यजमान गेल्यावर मुलीच्या आग्रहाखातर मी समुपदेशकांकडे जाऊ लागले. बाई प्रेमळ, खोली शांत. पण समोरासमोर बसलं की माझं तोंडच उघडेना. पहिल्या तीन भेटी टेबलावरच्या टिश्यूच्या डब्याकडे बघण्यात गेल्या. मग त्याच म्हणाल्या, वेताळ टेकडीवर जाऊ या. खाणीपाशी पोहोचेपर्यंत मी हॉस्पिटलातल्या शेवटच्या रात्रीबद्दल बोलून गेले होते. शेजारून चालणाऱ्याच्या डोळ्यांत बघावं लागत नाही, आणि चढावर गप्प राहिलं तर दम लागलाय असंच वाटतं!

हे आजचं खूळ नव्हे. संसारात वादळ उठलेला संगीतकार गुस्ताव माहलर १९१०च्या ऑगस्टमध्ये हॉलंडमधल्या लायडन गावी मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड यांना भेटला, तेव्हा दोघं सुमारे चार तास गावात फिरत बोलत होते. तिथे त्यांना कोणी ओळखीचं भेटलं नसावं. पुण्यात टेकडीवर भेटतंच. ‘काय, आज नवीन मैत्रीण?’ २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं गोपनीयतेचा हक्क दिलाय, पण सकाळच्या चौकशा कायद्याला कुठे जुमानतात? म्हणून आम्ही आधीच ठरवलं होतं: नमस्कार मी करायचा, ओळख करून द्यायची नाही, माणूस लांब जाईपर्यंत मोरांबद्दल बोलायचं. असा उपचार घेणाऱ्यांनी हे पहिल्याच दिवशी ठरवून घ्यावं. आजार तीव्र असेल तर मात्र आधी मनोविकारतज्ज्ञांना विचारावं.

२०१५ साली प्रसिद्ध झालेल्या स्टॅनफर्डच्या एका प्रयोगात ३८ निरोगी माणसांना दीड तास चालायला लावलं; काहींना गवताळ माळावर, काहींना वर्दळीच्या रस्त्याकडेनं. माळावरून आलेल्यांच्या डोक्यात तेच ते विचार घोळणं कमी झालं, रस्त्यावरून आलेल्यांचं नाही. त्यात समुपदेशक नव्हता, तेव्हा तो या उपचाराचा पुरावा मानू नये. पण कुठून चालतो यानं फरक पडतो, हे मला पटलं. म्हणूनच याच वेताळ टेकडीवरून जाणाऱ्या प्रस्तावित बालभारती–पौड फाटा रस्त्याबद्दलची चर्चा फक्त किती झाडं जाणार आणि किती मिनिटं वाचणार एवढ्यावरच थांबते, याचं वाईट वाटतं. ती रात्र गाड्यांच्या आवाजात ओरडून सांगणं मला जमलं नसतं.

– एक वाचक, कोथरूड, पुणे