फिशार म्हणजे रक्तदाब नव्हे

प्रिय सई,

दिल्लीतील अफगाण मुलांच्या मानसोपचारासाठी दुभाषी म्हणून तुझी निवड झाल्याचे वाचून आनंद झाला. मात्र ‘भाषा येते, मग प्रशिक्षण कशाला?’ हा तुझा प्रश्न मला पटला नाही.

तू शिकलीस ती इराणची फारसी. लाजपतनगर-भोगलची बरीच मुले दरी, म्हणजे अफगाणिस्तानातली फारसी, बोलतात. तेहरानच्या उच्चारात सिंह आणि दूध दोन्ही ‘शीर’. काबूलचा मुलगा सिंहाला, हिंदीतल्यासारखाच, ‘शेर’ म्हणतो. याची कानाला लवकर सवय होईल. अवघड आहेत ते मनाच्या दुखण्याचे शब्द. एखादा मुलगा ‘फिशार’ म्हणाला, तर ‘रक्तदाब’ सांगून तू मोकळी होशील, कारण तोही अर्थ आहेच. पण पुष्कळदा त्याला सांगायचे असते ते आतल्या दडपणाबद्दल, ज्याने माणूस कधी चिडचिडा होतो, तर कधी पार गळून जातो. ‘जिगरखून’ म्हणजे नुसते ‘दुःखी’ नव्हे. आपण काळीज तुटते म्हणतो, ते त्याच्या अधिक जवळचे. अशा वेळी मूळ शब्द तसाच उच्चारावा आणि नेमके काय होते, ते उपचार करणारीला त्या मुलालाच विचारू द्यावे.

मुलगा ‘मी पलंगाखाली लपलो होतो’ म्हणाला, तर तूही ‘मी’च म्हणायचे, ‘तो म्हणतो की’ नाही. जर्मनीत शाउअर, नॉयनर आणि एल्बर्ट यांनी विकसित केलेल्या कथनपद्धतीत मूल जमिनीवर दोरी अंथरते, चांगल्या आठवणीसाठी फूल आणि वाईट आठवणीसाठी दगड ठेवते, आणि पुढे त्या दगडांपाशी थांबून काय दिसले, कसला आवाज आला, अंगाला काय जाणवले, हे क्रमाने सांगते. तिथे कळवळून एखादे वाक्य सौम्य केलेस, किंवा पाच वाक्यांचे एक केलेस, तर उपचारच पातळ होतो.

भारत १९५१च्या निर्वासित करारात सहभागी नसल्याने या मुलांची निर्वासित म्हणून नोंद संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयात होते, आणि तिथल्या मुलाखतीतही दुभाषी असतोच. त्यामुळे इथले बोलणे त्या फाइलमध्ये जाणार नाही, हे पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितले गेले पाहिजे. वस्ती लहान आहे. बाजारात मुलाने सलाम केला तरच ओळख दाखव.

आता माझी एक चूक. एकदा घाईत मी सत्रापूर्वी दुभाषी मुलीला काहीच सांगितले नव्हते. ती स्वतः काबूलहून आलेली. मुलगा स्फोटाबद्दल बोलू लागला. तिने तीन वाक्ये बिनचूक सांगितली, चौथ्याला पाण्याचा ग्लास उचलला आणि तो तसाच हातात धरून बसली. मुलगा गप्प झाला आणि उरलेला वेळ तोच तिला सांभाळत राहिला. तेव्हापासून सत्राच्या आधी आणि नंतर दहा-दहा मिनिटे मी दुभाष्यासाठी राखून ठेवते. तुझ्या संस्थेत ती सोय नसेल तर मागून घे, आणि त्या वेळेचे मानधनही माग. तू भिडस्त आहेस म्हणून मुद्दाम लिहिते.

पहिल्या सत्रानंतर फोन कर. आत काय झाले ते मलाही सांगू नकोस. जेवलीस का, एवढेच सांग.

तुझी,
आई