चि. सुजातास, गुरुवारच्या तासाआधी

चि. सुजाता,
सप्रेम जयभीम.

रविवारी बोलता बोलता तू फोन कट केलास, म्हणून लिहायला बसले. तू तासिका तत्त्वावर आहेस, कायम नाहीस, हे मी पुन्हा काढणार नाही. गुरुवारी बी.लिब.च्या, म्हणजे ग्रंथालयशास्त्राच्या, मुलांपुढे समावेशनावर, वाचनालयात सगळ्यांना सामावून घेण्यावर, दीड तास घ्यायचा आहे ना, तेवढ्यापुरतंच लिहिते.

सुरुवात भाषणाने करू नकोस. सगळ्यांना समान वागवा, हे मुलं वहीत उतरवतात आणि काउंटरवर बसली की विसरतात. त्यापेक्षा सभासदत्वाचा कोरा अर्ज हातात दे. चार गट पाड आणि प्रत्येक गटाला एक अर्जदार दे. पालावर राहणारी पारधी मुलगी, पत्त्याचा पुरावा नाही. नवऱ्याने टाकलेली बाई, समोर 'पती/वडिलांचे नाव' हा रकाना. तृतीयपंथी वाचक, आधारवर जुनंच नाव. वसतिगृहातला मुलगा, गावात जामीन राहील असं कोणी नाही. अभिनय करायला सांगू नकोस. मुलं बिचारेपणाचं सोंग आणतात आणि वर्ग हसतो. नुसता अर्ज भरायला लाव आणि पेन अडेल तिथे खूण करायला सांग. मग प्रत्येक खुणेवर एकच प्रश्न विचार: ही अट आली कुठून? कायद्यातून, कार्यकारी मंडळाच्या ठरावातून, की कुणीतरी कधीतरी पाडलेल्या प्रथेतून? 1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाची प्रत टेबलावर असू दे, त्यांनाच शोधू दे. जामीनदार आणि अनामत बहुतेक ठिकाणी संस्थेच्याच नियमावलीत सापडते, आणि नियमावली ठरावाने बदलता येते. हे कळलं की मुलांचा चेहरा बदलतो, कारण आता त्यांच्या हातात करण्यासारखं काहीतरी असतं.

गट बाकांप्रमाणे पाडू नकोस, एक-दोन-तीन-चार मोजून पाड. बाकांवर कोण कोणाशेजारी बसतं ते तुला सांगायला नको. हजेरीच्या कागदावर फक्त पहिलं नाव घे. कोणालाही उभं करून 'तुझा अनुभव सांग' म्हणू नकोस. सांगायचं असेल ते बिननावाच्या चिठ्ठीवर येऊ दे. आणि तूही तुझं सांगू नकोस.

माहीत आहे, रविवारी याच्यावरूनच झालं. मी घाबरते म्हणालीस. घाबरते. पण मुद्दा शिकवण्याचाही आहे. बाईंची स्वतःची गोष्ट आली की वर्ग बाईंकडे बघतो, अर्ज राहतो बाजूला. निम्म्यांना तुझी कीव येईल आणि उरलेले मनात तुझं आडनाव ताडून बघतील. दादाच्या वेळी तेच झालं, आणि तो तर कायम होता.

'आमच्याकडे असलं काही नाही' असं कोणीतरी म्हणणारच. वाद घालू नकोस. एखाद्या वाचनालयाच्या सभासद नोंदवहीतले शंभर पत्ते आधीच उतरवून ने, नावं गाळून, फक्त वस्ती किंवा गल्ली. शहराच्या नकाशावर त्यांना ठिपके मारू दे. कोरे भाग राहतील त्यांची नावं तेच वाचतील.

मग वर्गीकरण. इथे बाहेरचं उदाहरण आधी घे, म्हणजे कोणाला झोंबत नाही. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात डोरोथी पोर्टर 1930 पासून कृष्णवर्णीयांविषयीचा संग्रह उभा करत होत्या. इतर ग्रंथालयं ड्यूईच्या पद्धतीत, म्हणजे पुस्तकांना विषयावार क्रमांक देण्याच्या पद्धतीत, असली पुस्तकं 325 किंवा 326 मध्ये टाकायची, म्हणजे वसाहती नाहीतर गुलामगिरी. कृष्णवर्णीयाने लिहिलेली कविताही तिथेच! पोर्टरबाईंनी कविता कवितेत ठेवली. वर्ग एवढ्यावर मान डोलावेल. लगेच 200 चा, धर्माचा वर्ग दाखव: 220 ते 280 बायबल आणि ख्रिस्ती धर्म, जगातल्या बाकी सगळ्या धर्मांना मिळून 290. बौद्ध 294.3, हिंदू 294.5, इस्लाम 297. आणि मग विचार, मराठी दलित आत्मकथन कुठे जाईल? 891.46, मराठी साहित्यात? की 305.5688, समाजाने बाहेर ठेवलेल्या वर्गांच्या रांगेत? भांडू दे त्यांना. दहा मिनिटांनी सांग की शेल्फावर जागा एकच असते, पण कोहामध्ये, म्हणजे ग्रंथालयाच्या संगणकातल्या यादीत, 650 चा, विषयाचा टॅग हवा तितक्या वेळा भरता येतो. साहित्य म्हणून ठेवा, विषय म्हणूनही सापडू द्या. पुस्तकाची तयार नोंद दुसऱ्या ग्रंथालयाकडून उतरवून घेतली तर तिच्यातले विषयशब्दही जसेच्या तसे येतात, हे बजाव. बहुतेक चुका तिथूनच शिरतात, कोणाच्या मनात काही नसताना.

अंध वाचकांचा भाग शेवटी ठेव, पण घाईत उरकू नकोस. मॉनिटर बंद करून एनव्हीडीएच्या, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरच्या, आवाजावर एक पुस्तक शोधायला लाव. जुन्या श्रीलिपी फाँटमधली यादी असेल तर स्क्रीन रीडर निरर्थक अक्षरं बडबडतो; युनिकोड का हवं ते तेव्हा कळतं. नुसत्या स्कॅनची पीडीएफ म्हणजे त्याच्या दृष्टीने फोटो. ओसीआर करून, म्हणजे संगणकाकडून त्या फोटोतली अक्षरं ओळखून घेतल्यावरही, जोडाक्षरं माणसाने तपासावी लागतात. 2012 च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायदा अशी सुलभ प्रत काढू देतो. अंधांना अशा प्रती मिळाव्यात म्हणून झालेला मराकेश करार पहिल्यांदा मंजूर करणारा देशही आपलाच, 2014 मध्ये. तरी ग्रंथपाल 'कॉपीराइट आहे' म्हणून परत पाठवतात. चाकाच्या खुर्चीवरच्या वाचकासाठी दारातल्या उतरणीचं गणितही फळ्यावर कर: उंचीला लांबी एकास बारा, म्हणजे 45 सेंटिमीटर जोत्याला 5.4 मीटर लांबी. ठेकेदार दीड मीटरमध्ये बसवून देतो आणि फोटो काढतो.

बघ, झालं माझं व्याख्यान. तुला हे सगळं येतं, तूच मला कोहा शिकवलंस. रागावू नकोस. विहारातल्या कपाटातली पुस्तकं तू उंचीप्रमाणे लावायचीस आणि मी क्रमांक सांगायला लागले की अप्पा म्हणायचे, 'लावू दे तिला.' आता तूच वर्गाला शिकवतेस, हे मी शेजारच्या काकूंना दोनदा सांगितलंय. तिसऱ्यांदा त्यांनीच मला सांगितलं.

शेवटी अभिप्राय घेशील तेव्हा 'तास आवडला का' विचारू नकोस. 'उद्या काउंटरवर कोणती एक अट बदलाल आणि ती बदलायचा अधिकार कोणाचा' एवढंच लिहून घे. तक्रार करणारा कोणी निघालाच तर तुझ्याकडे हे कागद असतील. म्हणजे, निघेलच असं नाही. पण ठेव जपून.

तुझी
आई

ता.क. एनव्हीडीए आदल्या दिवशीच टाकून ठेव आणि मराठी आवाज लागतो का ते ऐकून बघ. स्पीकर कॉलेजचाच घे, तुझ्या हेडफोनचा एक कान बंद आहे.